अब्रू म्हणजे तोंडावरचं पाणी

गेल्या वर्षी एका साहित्य मेळाव्यात मी कथा वाचली. कथा कसली, नावं बदलून लिहिलेली आमच्या घरचीच हकिकत. १९७२ चा दुष्काळ. घरात चार पोरं. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, हजेरीचे पैसे थकलेले. आणि आय रात्री एका वाड्याच्या मागच्या दाराला जाऊन पदरात भाकरी घेऊन येते. टाळ्या बऱ्या पडल्या. अध्यक्ष सवर्ण होते, माणूस भला होता. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "केवढं भोगलंत हो तुम्ही लोकांनी!" मीही फुगलो. खोटं कशाला सांगू?

घरी आलो तर आय बोलेना. मेळाव्याला आलेल्या भावकीतल्या कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली,

"आरं, ती भाकर म्या अंधारात का आनली? कुनाला दिसू न्हाई म्हनून. आन् तू तिला इजंच्या दिव्याखाली शंभर मानसांफुडं मांडलीस व्हय?"

मी तिला आपलं नेहमीचं सांगितलं. म्हटलं, आय, ती लाज तुझी नाही, त्यांची आहे. ज्या समाजानं तुला त्या दाराला उभं केलं त्या समाजाची आहे. हे वाक्य मी गेली तीस वर्षं भाषणांत वापरतोय, टाळी हमखास घेतं. तिनं ते ऐकून घेतलं नि म्हणाली,

"मंग त्यांची लाज सांग की. माजी कशाला सांगतूस?"

दोस्तांनो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. म्हणून हा लेख. एखाद्या कवितासंग्रहाची समीक्षा मागितली होती संपादकांनी. पण मला आधी ‘अब्रू’ या शब्दाची समीक्षा करायची आहे, आणि ती करता करता आपल्या लिहिण्याचीही.

शब्द मूळचा फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. मोत्याला पाणी असतं, तलवारीला पाणी असतं, तसं माणसाच्या तोंडाला. मराठीनं हा शब्द घेतला तेव्हा तिच्याकडे ही समजूत आधीपासून होतीच. आपण माणूस पाणीदार म्हणतो, कुणाचं पाणी जोखतो, कुणाला पाणी दाखवतो. आणि चारचौघांत कुणाला खाली पाहायला लावलं की त्याला म्हणतो पाणउतारा. अंगावरचं पाणी उतरवणं. आता हे ध्यानात घ्या नि मग महाडला चला. २० मार्च १९२७. चवदार तळ्यातलं पाणी गुराढोरांना खुलं, परधर्मीयांना खुलं, फक्त आपल्याला बंद. बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरात सांगितलं की हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण काही मरत नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला आपण तळ्यावर जातोय. म्हणजे ओंजळीत जे आलं ते नुसतं प्यायचं पाणी नव्हतं, ते तोंडावरचं पाणी होतं. गावाला हे बरोबर कळलं होतं. तहान भागवायला कुणी पाणी प्यालं तर तळं शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून शुद्ध करावं लागत नाही. आपण हक्क घेतला म्हणून त्यांना आपली अब्रू गेल्यासारखी वाटली. एकाच तळ्यातलं पाणी, आमच्या तोंडावर चढलं की त्यांच्या तोंडावरचं उतरतं! मुंबई हायकोर्टानं तळं सगळ्यांचं आहे म्हणायला १९३७ साल उजाडलं.

सवर्णांच्या अब्रूचं हे गणित नीट समजून घेतलं पाहिजे. त्यांच्याकडे अब्रू ही शिल्लक टाकलेल्या धान्यासारखी आहे. कणगीत एकूण धान्य ठरलेलं. खालच्यानं मूठभर घेतलं की वरच्याचं तेवढं कमी झालं. म्हणून खालच्यानं नवं धोतर नेसलं, पायांत वहाणा घातल्या, वरात घोड्यावरून नेली, मिशीला पीळ दिला, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन लावली, की वरच्याचं काहीतरी चोरीला जातं. कायद्यालाही हे अखेर कबूल करावं लागलं. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली तेव्हा मिशी भादरणं, चपलांचा हार घालणं हे गुन्हे नाव घेऊन लिहावे लागले. ज्या देशाच्या कायद्यात मिशीचं कलम लागतं त्या देशाच्या संस्कृतीवर आणखी काय लिहावं!

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. जुन्या आयर्लंडच्या कायद्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या अब्रूला ठरलेली किंमत होती. त्या किमतीला जो शब्द होता त्याचा अर्थच ‘तोंडाची किंमत’. आमच्याकडे तोंडावरचं पाणी, त्यांच्याकडे सरळ तोंडच. कुणी अपमान केला, दुखापत केली, आश्रितावर हात टाकला, तर दर्जाप्रमाणे दंड. एका छोट्या राज्याच्या राजाची किंमत होती ७ ‘कुमल’. आता कुमल म्हणजे काय? कुमल म्हणजे दासी. गुलाम बाई. नाण्यांचा सुळसुळाट नसलेल्या त्या समाजात किमती मोजायचं ते एक माप होतं. राजाची अब्रू सात दासींइतकी! आणि त्या दासीच्या अब्रूची किंमत? काही नाही. तिला कुणी इजा केली तर भरपाई मालकाला. जी दुसऱ्याची अब्रू मोजायचं माप झाली तिला स्वतःची अब्रूच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

ऑर्लांडो पॅटरसन नावाचा जमैकात जन्मलेला काळा समाजशास्त्रज्ञ. त्यानं १९८२ साली जगभरच्या गुलामगिरीचा अभ्यास मांडला. त्याचं म्हणणं असं की साखळदंड आणि चाबूक हे गुलामगिरीचं अर्धंच रूप. गुलामाला बाप-आजा नसतो, म्हणजे कायद्यानं नसतो, आणि गुलामाला अब्रू नसते. ती नसणं हीच मालकाच्या अब्रूची खुराक. मनूला हे पॅटरसनच्या किती आधी माहीत होतं बघा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीचं दरपत्रक आहे. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली, दंड १०० पण. वैश्यानं दिली, १५० किंवा २००. शूद्रानं दिली तर दंड नाही, सरळ शरीराला शिक्षा. उलट ब्राह्मणानं क्षत्रियाला दिली तर ५०, वैश्याला २५, शूद्राला १२. अतिशूद्र या यादीत नाहीच. त्याला शिवी दिली तर ती शिवी नव्हेच, ते त्याचं नाव. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं ते काही वेड लागलं म्हणून नव्हे. ते दरपत्रक जाळलं.

पण दरपत्रकं जळत नाहीत लेको. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून ‘साधना’नं खास अंक काढला आणि त्यात राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला. ब्राह्मणगावात बौद्ध बायांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी फक्त दोन आकडे शेजारी ठेवले. राष्ट्रध्वजाचा अपमान, दंड ३०० रुपये. दलित बाईचं लुगडं सोडलं, दंड ५० रुपये. महाराष्ट्र खवळला. कशावर खवळला? ५० या आकड्यावर नाही. ढाल्यांनी झेंड्याबद्दल वापरलेल्या भाषेवर. कापडाच्या अब्रूसाठी सभ्य समाज रस्त्यावर आला, बाईच्या अब्रूसाठी आला नाही. त्या लेखाची आजवर ‘राजकीय’ म्हणून चर्चा झाली. मला तो मराठी समीक्षेतला मोठा लेख वाटतो. त्यानं मनूच्या १२ पणांची आणि लोकशाहीतल्या ५० रुपयांची सांगड घातली, आणि तीही मनूचं नाव घेऊन नव्हे, नुसते दोन आकडे एका ओळीत मांडून. आपल्या कवींनी हे शिकावं. आपण ‘सूर्य’, ‘वणवा’, ‘ज्वालामुखी’ एवढे वापरतो की आता त्यांवर भाकरीही भाजत नाही.

अब्रू नसलेल्याचा अपमान होऊच शकत नाही, हा सिद्धांत युरोपात तर ठराव करून मांडला गेला. ऑस्ट्रियातल्या विद्यार्थी संघटनांत द्वंद्वयुद्धाची चाल होती. अपमान झाला की तलवार काढायची, तसं आव्हान घेण्या-देण्याच्या लायकीला तिथं मोठा मान. १८९६ साली तिथल्या जर्मनवादी संघटनांनी ‘वायडहोफेन ठराव’ केला की ज्यू जन्मतःच बेअब्रू आहे, त्यामुळे त्याचा अपमान होऊ शकत नाही, सबब त्यानं आव्हान दिलं तरी ते स्वीकारायचं नाही. वकिली भाषेत केलेला ठराव! आमच्या गावात तो ठराव कुणी लिहिला नाही. लिहायची गरजच नव्हती. "म्हारड्याला कसली आलीया आब्रू?" एवढ्यात तो सगळा येतो. आणि दोन्हीकडचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. ज्याचा अपमान होऊ शकत नाही त्याचा खूनही खून राहत नाही. खैरलांजीत २००६ साली एका कुटुंबातले चौघे मारले गेले, आणि २००८ साली शिक्षा देतानाही न्यायालय म्हणालं की जातीय अत्याचाराचा कायदा इथं लागू होत नाही.

इथं एक शब्द मला फार छळतो. प्रतिष्ठा. वर्तमानपत्रात बातमी येते, ‘खोट्या प्रतिष्ठेपायी तरुणाचा खून’. खोट्या! म्हणजे खरी असती तर चाललं असतं? नगर जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ साली आपलं एक शाळकरी पोर मारलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो. २०१७ साली सत्र न्यायालयात आरोपी सुटले. ही झाली ‘प्रतिष्ठा’. आता आपल्या संविधानाची उद्देशिका मराठीत काढून बघा. बंधुता कशाचं आश्वासन देणारी? ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’! बाबासाहेबांच्या मसुद्यातल्या ज्या शब्दाला हिंदीवाल्यांनी ‘गरिमा’ म्हटलं, त्याला मराठीत आपण प्रतिष्ठा म्हटलं. म्हणजे पोराला मारणाराही प्रतिष्ठेसाठी मारतो आणि पोराला जगायचा जो हक्क होता तोही प्रतिष्ठेचाच. दोन्ही एकाच शब्दात कोंबले. पाटलाची प्रतिष्ठा पाटीलकीबरोबर येते, जाते, वाढते, घटते, इतरांनी द्यावी लागते. उद्देशिकेतली प्रतिष्ठा कुणी द्यायची नाही नि कुणी काढायची नाही. ती पोर जन्मताना घेऊनच येतं. या दुसऱ्या गोष्टीला मराठीत अजून स्वतंत्र शब्द नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. जी वस्तू गावात कधी नव्हती तिला गावच्या भाषेत नाव कुठून असणार? ‘माणुसकी’ हा शब्द बाबासाहेबांनी आणि त्या पिढीनं या अर्थानं वापरला. माणुसकीचे हक्क. आता मात्र त्याचा अर्थ दयामाया असा करून ठेवलाय. कुणी अपघातात पाणी पाजलं की ‘माणुसकीचं दर्शन’.

आता साहित्याकडे येतो. गावच्या मानाची सगळ्यात धारदार गोष्ट अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’त (१९५९) आहे. जोगणीची जत्रा आपल्या गावाला मिळावी म्हणून राणोजी मांग दुसऱ्या गावावर जातो नि डोकं गमावतो. मान कुणाचा वाढला? गावाचा. मांगवाडा होता तिथंच, वेशीबाहेर. मी कॉलेजात होतो तेव्हा हा भाग वाचून अंगावर काटा आला होता, छाती फुगली होती. पुढं राग आला. आज वाटतं, अण्णा भाऊंना हे आमच्याहून आधी दिसलं होतं. कारण बापानं गावाच्या मानासाठी डोकं दिलं, तसं फकिरा देत नाही. तो धान्य लुटतो, खजिना लुटतो, उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी. बापाची अब्रू जोगणीच्या वाटीत होती, लेकाची माणसांच्या पोटात आली. एका पिढीत अब्रूनं घर बदललं. कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलीय ती उगीच नव्हे.

असले मान महारवाड्यालाही होते. होळीचा मान, शिवेची साक्ष द्यायचा मान, येसकराच्या काठीचा मान. माझा आजा त्या घुंगराच्या काठीबद्दल मरेपर्यंत कौतुकानं बोलायचा. बलुत्याचा गुलाम, पण काठीचा मान! वतनावर बाबासाहेबांनी १९२८ पासून घाव घातला तो फक्त राबवून घेतात म्हणून नव्हे. ते मान गळ्यात अडकवून माणसाला वाकवतं म्हणून. १९५८ ला कायद्यानं ही वतनं गेली. आजा म्हणायचा, "काठी गेली." बाप म्हणायचा, "बरं झालं गेली." त्या दोन वाक्यांच्या मधली कादंबरी कुणी लिहिलेली नाही.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये (१९६३) अब्रूची दोन रूपं समोरासमोर उभी आहेत. एक जात लपवून मान मिळवणारा निवेदक. त्याला मिळतो तो मान खराच असतो, फक्त तो दुसऱ्याच माणसाला मिळत असतो. दुसरा काशिनाथ. जात लपवत नाही, खिशात चाकू, शब्दाला शब्द. आपण चळवळीत सगळे काशिनाथ व्हायला निघालो. ठीक आहे, तो काळच तसा होता. पण आज नोकऱ्यांत, सोसायट्यांत, भाड्याची खोली शोधताना आपल्यातले किती जण आडनाव बदलून त्या निवेदकाचं आयुष्य जगतायत ते मोजा. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मीही एकदा शहरात खोलीसाठी आडनाव गिळलं होतं. घरमालकीण सणाला पुरणपोळी द्यायची. ती पोळी घशाखाली उतरायची नाही.

जपानमधल्या अस्पृश्यांनी, बुराकू लोकांनी, १९२२ च्या मार्चमध्ये क्योटोला आपली संघटना उभी केली. नाव सुइहेइशा. यातल्या सुइ या अक्षराचा अर्थ पाणी, हेइ म्हणजे सपाट. पाण्यासारखी समपातळी. महाडच्या पाच वर्षं आधी, नि तिथंही पाणीच! त्यांनी जाहीरनाम्यात ज्या नावानं त्यांना हिणवत तेच नाव अभिमानानं घेतलं. कुणी जातिवाचक बोललं की घेरायचं, जाब विचारायचा, लेखी माफी घ्यायची, जमलं तर वर्तमानपत्रात छापून आणायची. अपमान चारचौघांत झाला तर माफीही चारचौघांत. मला हे आवडतं.

पण हा ‘चारचौघांत’ शब्दही तपासून घ्या. अब्रू जाते ती चारचौघांत. आपला कायदाही तेच म्हणतो. ॲट्रॉसिटी कायद्यातला अपमान लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी व्हावा लागतो. सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं की घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी हजर नसताना शिवी दिली तर ते या कलमात बसत नाही. कायद्याच्या अक्षराला धरून ते असेलही. पण ज्या बाया बंद दाराआड धुणीभांडी करतात त्यांचे चारचौघे कोण? आणि उलटंही विचारा. ज्या चारचौघांची भीती वाटते ते चारचौघे नेहमी सवर्णच असतात का?

इथं मला माझ्या आयकडे परत आलं पाहिजे. कथेत मी एक गोष्ट गाळली होती. मुद्दाम नाही, मला ती माहीतच नव्हती. ती आत्ता, त्या भांडणात बाहेर आली. आमच्या वस्तीनं धर्मांतरानंतर ठराव केला होता: मेलेलं ढोर ओढायचं नाही, येसकरकी करायची नाही, गावात भाकरी मागायला जायचं नाही. ठराव माझ्याच बापानं मांडला होता. मोडेल त्याला दंड, वर वाळीत. १९७२ ला सुकडी आली, मिलो आला, तेही पुरेना. धाकटी बहीण तापानं फणफणलेली. तेव्हा आय त्या मागच्या दाराला गेली. अंधारात गेली ती पाटलाला दिसू नये म्हणून नव्हे, भाकरी पाटलीणच देत होती. आपल्या वस्तीला दिसू नये म्हणून. माझ्या बापाला दिसू नये म्हणून. बापाला ती भाकरी कुठून आली हे मरेपर्यंत कळलं नाही. का कळलं होतं नि तो बोलला नाही? आय म्हणते, "त्याला काय इचारतूस, खात व्हता न्हवं."

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच विषयावर सांगितलं होतं. ढोरं ओढणं सोडायला लावून तुम्ही लोकांचं वर्षाचं इतकं नुकसान करता असा हिशेब त्यांना मांडून दाखवणारे भेटले होते. बाबासाहेबांचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: माणूस इज्जतीवर जगतो, फायद्यावर नाही. आणि दाखला दिला मुंबईच्या वेश्यावस्तीचा. तिथल्या बायांना न्याहारीला खिमा मिळतो, आमच्या बायांना चटणी-भाकरी धड मिळत नाही, तरी त्या इज्जतीनं राहतात. या शब्दावर आपली सगळी चळवळ उभी आहे. माझा बापही. तो शब्द खोटा आहे असं म्हणायची माझी लायकी नाही नि तसं मला वाटतही नाही. पण तपासून घ्यायला त्यांनीच शिकवलं म्हणून विचारतो. इज्जतीचा ठराव पुरुषांनी सभेत केला, त्याची किंमत रोज संध्याकाळी चुलीपाशी कुणी भरली? फायदा सोडणं सोपं असतं. उपाशी पोराच्या तोंडाकडे बघत फायदा सोडणं हे सभेत बोलायचं काम नव्हे. आणि ती दुसरी बाई, खिमा खाणारी? बाबासाहेब तिला विसरले नव्हते. १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना समोर बसवून हा धंदा सोडा म्हणून सांगितलं होतं. आपल्या पांढरपेशांना मात्र ती फक्त दाखल्यापुरती हवी होती. ‘गोलपिठा’ (१९७२) आला तेव्हा नामदेव ढसाळनं तिला दाखल्यातून बाहेर काढून कवितेत आणून बसवली. पहिल्यांदा कुणीतरी तिच्या तोंडावरच्या पाण्याकडे बघितलं. नाकं मुरडणाऱ्यांत आपलेही होते, हे आपण सोयीनं विसरतो.

बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ (पुस्तकरूपानं १९८६) यासाठी पुन्हा वाचा. महारवाड्यातल्या ‘घरंदाज’ घरांत बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू न देणं ही अब्रू समजत. स्वतः वेशीबाहेर राहणाऱ्यांनी घरात आणखी एक वेस बांधली होती! सुनेच्या पायात लाकडाचा खोडा ठोकायचे, नाक कापायचे. नाक! आपण ‘नाक कापलं’ म्हणतो ते नुसता वाक्प्रचार म्हणून. बेबीताईंनी तो खरोखर कापलेल्या नाकासकट लिहिला. आणि हे लिहिणारी बाई फलटणला दुकान चालवत, वर्षानुवर्षं नवऱ्यापासून वह्या लपवत लिहीत होती. मनू बाहेरही होता नि घरातही, हे त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं. आपल्या पुरुषांच्या आत्मकथनांत पहिला हात भक्कम आहे. दुसरा बहुतेकांच्या खिशात.

‘बलुतं’ १९७८ ला आलं तेव्हा आपल्यातलेच शिकलेसवरले म्हणाले, दया पवारांनी आपली अब्रू वेशीवर टांगली. त्या वाक्प्रचाराकडे जरा बघा. वेशीवर टांगलं की दिसतं कुणाला? गावात राहणाऱ्याला ते जाता-येता दिसतं. पण वेशीसमोर चोवीस तास कोण राहतं? आम्ही. गावाची लक्तरं टांगली की सगळ्यात आधी आमच्या दारातून दिसतात. दया पवारांनी लक्तरं टांगली ती गावाची, असं माझं मत आहे, कारण त्या पुस्तकात सगळ्यात जास्त सोलून निघतो तो स्वतः लिहिणारा. आईला पुढं करून तो मागं लपत नाही. मी लपलो. माझ्या कथेत मी आहे तो भुकेलं निष्पाप लेकरू म्हणून. भाकरी खाऊन मोठा झालेला, ठराव करणाऱ्या बापाचा अभिमान मिरवणारा, आयला कधी काही न विचारलेला माणूस त्या कथेत कुठं नाही. आणि वाड्याची पाटलीणही नाही. तिला मी ‘एक आकृती’ असं लिहून मोकळा झालो. भीती वाटली असणार. त्या घरचा नातू आज तालुक्याच्या पुढाऱ्यांत आहे. म्हणजे त्यांची लाज झाकली नि आयची उघडी केली. टाळ्या कशाला मिळाल्या ते आता कळतंय.

तेव्हा कुणाचंही आत्मकथन, कथा, कविता हातात घेताना मी आता हेच बघतो: अंधारात कुणाला उभं केलंय नि दिव्याखाली कुणाला. माझी स्वतःची कथा या परीक्षेत नापास झाली. गेल्या महिन्यात मी ती आयला पहिल्यापासून वाचून दाखवली. मध्ये मध्ये थांबवत होती. "त्या बाईनं भाकर हातात दिली न्हाई. वरनं टाकली. मी पदर वर धरून झेलली, भुईला पडू दिली न्हाई. त्ये लिही." मी लिहिलं. "आन् एकदा पडली. मंग म्या ती उचलली न्हाई. रिकामी आले. त्या रातीला तुमी उपाशी निजलासा. त्ये बी लिही." ते माझ्या पहिल्या खर्ड्यात नव्हतं. मला आठवतही नव्हतं. बाबाचं, ठरावाचं आलं तेव्हा बराच वेळ गप्प बसली.

कथा या अंकात द्यायची असं संपादकांशी ठरलं होतं. दिलेली नाही. बाबाच्या त्या भागावर आयनं अजून हो म्हटलेलं नाही.